पेंट शॉप कागदावर आहे तोवरच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यात मोटार-कारखाने येणार म्हणून सध्या आनंद आहे आणि तो रास्तच आहे. छत्रपती संभाजीनगरच्या प्रकल्पासाठी टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, तेव्हा गुंतवणुकीचा आकडा वीस हजार कोटींचा सांगितला गेला. नोकऱ्यांचेही आकडे छापून आले. एका मोटारीच्या बॉडीमागे किती लिटर पाणी लागणार, किती ग्रॅम द्रावक (रंग पातळ करणारे, उडून जाणारे रसायन) हवेत जाणार, किती किलो गाळ निघणार, हे मात्र कोणत्याच बातमीत दिसले नाही. दोष वार्ताहरांचा नाही. विचारायचे काय, हेच सहसा ठाऊक नसते. ते सांगण्यासाठी हे पत्र.

मोटार-कारखान्याचे प्रदूषण बव्हंशी आराखड्याच्या टेबलावर ठरते. पेंट शॉप (बॉडीला रंग देण्याचा विभाग) एकदा उभे राहिले की पंचवीस-तीस वर्षे हलत नाही. टाक्यांची संख्या, फवारणीच्या खोलीची म्हणजे बूथची लांबी, रंग भाजणारे ओव्हन किती, हवा फिरवायची की एकदा वापरून सोडायची, हे सगळे पाया खणण्याआधी निश्चित झालेले असते. नंतर उरते ते धुराड्याला गाळणी आणि नाल्याला ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) लावणे. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार उद्योगात नेहमीचा आहे, आणि मराठवाड्यात तो जास्त महाग पडेल, कारण ऑरिक या इथल्या औद्योगिक नगरीचे पाणी नाथसागरातून येते.

असेंब्ली कारखान्यात खरी ऊर्जा कुठे जाते? वेल्डिंगच्या ठिणग्या छायाचित्रात छान दिसतात, पण वीज आणि गॅस मिळून साधारण निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा एकटे पेंट शॉप खाते. त्यातही रंग उडवण्याचा खर्च किरकोळ. खरा खर्च आहे हवेचा.

एक साधा हिशेब करून पाहा. फवारणी-बूथ साडेपाच मीटर रुंद आणि चाळीस मीटर लांब आहे असे धरू. म्हणजे २२० चौरस मीटर. त्यात छतापासून जाळीच्या जमिनीकडे सेकंदाला सुमारे ०.४ मीटर वेगाने हवा सोडावी लागते, नाहीतर उडालेले रंगाचे कण खाली न जाता शेजारच्या पॅनेलवर बसतात. ही हवा सेकंदाला ८८ घनमीटर होते, तासाला सव्वातीन लाख घनमीटरच्या घरात. पाण्यावर आधारित रंगासाठी ती २३ अंश सेल्सियस आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या आसपास ठेवायची असते. नुसते दहा अंशांनी तिचे तापमान बदलायचे म्हटले, बाष्पाचा विचार सोडून दिला, तरी हजार किलोवॅटहून जास्त उष्णता द्यावी वा काढावी लागते. आणि हे एका बूथचे झाले.

आपल्याकडची ऋतूंची तऱ्हा यात आणखी भर घालते. मे महिन्यात हवा कोरडी असते, तेव्हा पाण्याच्या पडद्यातून नेली की ती थंडही होते आणि ओलीही. स्वस्तात काम होते, फक्त पाणी उडते. पावसाळ्यात उलटे. ६५ टक्क्यांवर आणायचे तर हवा आधी सोळा अंशांच्या आसपास थंड करून बाष्प गाळायचे आणि मग परत तेवीसपर्यंत तापवायचे. म्हणजे चिलर आणि बर्नर दोन्ही एकाच वेळी चालू. बऱ्याच ठिकाणी तेवीस आणि पासष्ट हे आकडे बारा महिने तसेच ठेवलेले असतात. वास्तविक रंगाला हवी असते ती फ्लॅश-ऑफच्या, म्हणजे भाजण्याआधी थर सुकू देण्याच्या, वेळी पाणी उडण्याची ठरावीक गती. तापमान थोडे वाढवून आर्द्रता थोडी वाढू दिली, तर ही गती तीच राहते. रंग-पुरवठादाराकडून अशी चालती चौकट मागून घ्यावी आणि हवामानानुसार तिच्यात सरकत राहावे. यंत्र नवे लागत नाही, नियंत्रणाचा प्रोग्रॅम बदलावा लागतो. पण हे धाडस पहिल्या पावसाळ्यात चाचण्या घेऊनच करायचे. चौकटीबाहेर गेले की मेटॅलिक रंगात ढगाळ पट्टे उठतात, आणि मग गुणवत्ता-विभाग तो प्रोग्रॅम कायमचा कुलूपबंद करतो.

मोठी बचत मात्र हवा परत फिरवण्यात आहे. बूथखालच्या जुन्या पद्धतीच्या पाण्याच्या स्क्रबरमधून (पाण्याने रंगाचे कण पकडणाऱ्या गाळणीतून) गेलेली हवा ओली होते, म्हणून ती बाहेर सोडणे सोपे वाटते. कोरडी गाळणी वापरली, मग ती चुनखडीच्या भुकटीची असो की पुठ्ठ्याच्या खोक्यांची, तर ८० ते ९० टक्के हवा पुन्हा वापरता येते. अशी यंत्रणा विकणारे बूथच्या ऊर्जेत ६० टक्क्यांपर्यंत बचतीचा दावा करतात. विक्रेत्याचा दावा म्हणून त्यातले थोडे वजा करा, तरी वरच्या हिशेबात ८८ घनमीटरऐवजी १३ घनमीटरच ताजी हवा सांभाळावी लागते, ही गोष्ट उरतेच. शिवाय रंगमिश्रित पाण्याचा गाळ नाहीसा होतो.

यात बिघडते काय, तेही सांगायला हवे. फिरत्या हवेत द्रावकाची वाफ साठत जाते. ती स्फोटाच्या किमान पातळीच्या चतुर्थांशाच्या आत राहते की नाही, हे सतत मोजणारे संवेदक लागतात आणि ते वेळच्या वेळी तपासावे लागतात. माणसे हाताने फवारणी वा टच-अप करतात त्या भागात ताजीच हवा हवी. तिथे काटकसर चालत नाही, म्हणून फेरवापर रोबोंच्या भागापुरता ठेवायचा. आणि पुठ्ठ्याची रंगाने भरलेली खोकी हा धोकादायक कचराच असतो; ती सिमेंटच्या भट्टीत जाळण्यासाठी पाठवायची सोय आधी करावी लागते. चुनखडीची वापरलेली भुकटी या बाबतीत बरी, भट्टीला तिचाही उपयोग होतो. ही निवड नंतर बदलता येत नाही, कारण कोरड्या आणि ओल्या गाळणीला बूथखाली लागणारी खोली वेगवेगळी असते. म्हणून ती सिव्हिलच्या ड्रॉइंगवरच व्हायला हवी.

ओव्हनबद्दल थोडक्यात. सीईडीचा थर (टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने दिलेला पहिला, गंजरोधक थर) १६० ते १८० अंशांवर, वरचे थर साधारण १४० अंशांवर भाजले जातात. प्रायमरचा (मधल्या थराचा) वेगळा ओव्हन गाळून बेसकोट (रंगछटेचा थर) ओल्यावर ओला मारण्याच्या पद्धती आता रुळल्या आहेत. एक ओव्हन आणि एक बूथ कमी, म्हणजे तेवढी इमारतही कमी. त्यात सीईडीच्या थराचा खडबडीतपणा लपवायला प्रायमर नसतो, म्हणून पत्र्याचा आणि सीईडीचा दर्जा आधी सुधारावा लागतो. तो सुधारण्याऐवजी सॅंडिंगची माणसे वाढवणारे कारखाने असतात, मग बचत कागदावर राहते. छतावरच्या सौर पॅनेलांचे फोटो वार्षिक अहवालात छापले जातात ते छापोत, पण बहुतेक ओव्हन गॅसवर चालतात, हे ते फोटो पाहताना लक्षात असावे.

आता द्रावक. जुन्या पद्धतीच्या मेटॅलिक बेसकोटमध्ये तीन-चतुर्थांशाहून जास्त द्रावक असते. पाण्यावर आधारित बेसकोटमध्ये ते १० ते १५ टक्क्यांवर येते. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशात मोठ्या नव्या मोटार-कारखान्यांना सीईडी झालेल्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे ४५ ग्रॅम आणि जुन्यांना ६० ग्रॅम अशी मर्यादा घातली. एका मोटारीचा असा पृष्ठभाग, आतल्या पोकळ्या धरून, ८० ते १०० चौरस मीटर भरतो. म्हणजे ४५ ग्रॅमच्या हिशेबानेही एका मोटारीमागे चार किलोच्या आसपास द्रावक हवेत जाते. हा मोजमापाचा प्रकार आपल्याला फार उपयोगी वाटतो, कारण त्यात कारखाना लहान-मोठा असण्याचा प्रश्न येत नाही आणि धुराड्यात हवा मिसळून आकडा लहान दाखवता येत नाही. ओव्हनची वाफ ८०० अंशांच्या आसपास जाळणारी यंत्रणा तर हवीच. पण त्याआधी रंगच कमी उडावा. साध्या हवेच्या गनने ३० ते ४० टक्के रंग जॉबवर (रंगवायच्या भागावर) बसतो, विद्युतभारित फिरत्या बेलने (घंटेच्या आकाराच्या फवारणी-यंत्राने) ८० टक्क्यांच्या वर. बंपर आणि दुचाकींचे भाग रंगवणाऱ्या कितीतरी व्हेंडरांकडे आजही साधी गन आहे. तिथला फरक मोठ्या कारखान्यातल्या पाच टक्के सुधारणेपेक्षा जास्त भरेल.

रंगाआधी धुण्याची आणि फॉस्फेटिंगची (रंग धरून ठेवणारा फॉस्फेटचा थर पत्र्यावर देण्याची) लाईन येते, आणि पाण्याचा खरा प्रश्न इथे आहे. झिंक फॉस्फेटची टाकी ४५ ते ५५ अंशांवर चालते, त्यात जस्त, निकेल, मॅंगनीज असते, आणि पत्र्यातून सुटलेले लोह फॉस्फेट होऊन गाळ म्हणून खाली बसते. थोडा गाळ अटळच. पण तो वाढतो कशाने? मुक्त आम्ल गरजेपेक्षा कमी ठेवल्याने आणि टाकी तापवायला थेट वाफेची कॉइल वापरल्याने. कॉइलच्या गरम पृष्ठभागावर खपली धरते, उष्णता आत जात नाही, मग ऑपरेटर वाफ वाढवतो आणि आणखी खपली धरते. टाकी पन्नास अंशांची असेल तर बाहेरच्या उष्णता-विनिमयकात (एक्स्चेंजरमध्ये) सत्तर अंशांचे गरम पाणी पुरते. ते पाणी चिलरच्या बाहेर फेकल्या जाणाऱ्या उष्णतेवर, हीट पंपाने, बनवता येते. फक्त चिलर आणि फॉस्फेटिंग लाईन यांच्यात पाचशे मीटरचे अंतर ठेवू नका. पुन्हा आराखडाच.

फॉस्फेटला पर्याय झिर्कोनियमच्या पातळ थराचा. फॉस्फेटचा थर एक ते तीन मायक्रॉन, हा २० ते ८० नॅनोमीटर. टाकी साधारण खोलीच्या तापमानावर चालते, फॉस्फरस आणि निकेल नाही, त्याआधीची ॲक्टिव्हेशनची टाकी लागत नाही आणि गाळ फारच थोडा. ॲल्युमिनियमचे बॉनेट असलेल्या मिश्र बॉडीसाठी तर तो अधिक सोयीचा. मग सगळे तेच का वापरत नाहीत? एक तर पाणी फार चांगले लागते. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यातला क्लोराईड आत आला की थराचा विश्वास राहत नाही, म्हणून आधीच्या धुण्यालाही डीआय (क्षार काढलेले) पाणी हवे. लाईन मध्येच थांबली तर टाक्यांच्या मधल्या हवेत बॉडीवर पिवळट गंज चढतो. शिवाय पातळ थराचा विद्युतरोध कमी, त्यामुळे सीईडीचा रंग बाहेरच्या भागावर जाड बसतो आणि दाराच्या आतल्या पोकळीत पोचत नाही. त्यासाठी सीईडीचा रंग आणि व्होल्टेजचे टप्पे बदलावे लागतात. जुन्या लाईनवर हे सगळे एकदम करणे जिकिरीचे असते. नव्या लाईनवर झिंक फॉस्फेट घालायला मात्र आज तांत्रिक कारण फारसे उरलेले नाही.

आणखी एक गोष्ट पेंट शॉपवाल्यांच्या हातात नसते. बॉडी टाकीतून वर येते तेव्हा सिल (दाराखालची पट्टी), खांब आणि दारांच्या पोकळ्यांत कित्येक लिटर द्रावण घेऊन येते. तेवढे पुढच्या टाकीत सांडते आणि ते धुवायला शेकडो लिटर पाणी लागते. निचऱ्याची भोके कुठे आणि किती, हे बॉडीच्या डिझाइनवाले ठरवतात. त्यांना प्रत्येक भोक म्हणजे ताकद कमी, आवाज जास्त आणि वर एक रबरी बूच, असे वाटते. म्हणून भोकांची यादी पहिल्या नमुन्याआधी पेंट शॉपच्या सहीशिवाय पुढे जाऊ नये. टाकीबाहेर बॉडी पुढे-मागे काही अंश तिरकी करून वीस-तीस सेकंद निथळू देणे हा दुसरा उपाय. कन्व्हेयरचा वेग वाढवून उत्पादन वाढवायचे ठरते तेव्हा पहिला बळी या सेकंदांचाच जातो.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मोठे कारखाने बेफिकीर असतात. तसे नाही. त्यांच्या सीईडीच्या टाकीकडे पाहा. रंगाच्या टाकीतून निघालेली बॉडी अल्ट्राफिल्ट्रेशनच्या (सूक्ष्म गाळणीने टाकीतूनच वेगळ्या काढलेल्या) पाण्याने उलट्या प्रवाहाने धुतली जाते. धुतलेला रंग पायरी-पायरीने मागे येत टाकीत परत पडतो, आणि ९५ टक्क्यांहून जास्त रंग बॉडीवरच लागतो. हे काम कोणत्या प्रदूषण मंडळाच्या नोटिशीमुळे झालेले नाही. रंग महाग होता, म्हणून झाले. त्याच मोटारीचे नट-बोल्ट आणि ब्रॅकेट जिथे जस्ताच्या प्लेटिंगला (विजेने धातूचा थर चढवायला) जातात, तिथे हेच तत्त्व वापरले जात नाही, कारण टाकीतून निघून जाणारे द्रावण स्वस्त आणि पाण्याचे बिल त्याहून किरकोळ. वाळूज, भोसरी, चाकणच्या शेडमधल्या प्लेटिंग लाईनवर धुण्याची एकच टाकी, तिच्यात नळ चालू, आणि ओव्हरफ्लो थेट गटारीच्या दिशेने, हे दृश्य अजून दुर्मीळ झालेले नाही.

इथला हिशेब प्रत्येक प्लेटरने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. जॉबसोबत तासाला दोन लिटर द्रावण बाहेर येते आणि ते हजारपट सौम्य व्हायला हवे, असे धरा. एकाच टाकीत धुतले तर तासाला २,००० लिटर पाणी लागेल. दोन टाक्या उलट्या प्रवाहाने जोडल्या, म्हणजे ताजे पाणी शेवटच्या टाकीत आणि तिचा ओव्हरफ्लो आधीच्या टाकीत, तर हजाराचे वर्गमूळ, सुमारे ३२. म्हणून तासाला ६३ लिटर. तीन टाक्या केल्या तर घनमूळ १०, म्हणजे २० लिटर. प्रत्यक्षात पाणी पूर्ण मिसळत नाही, तेव्हा या आकड्यांची दीडपट-दुप्पट धरा. तरीही दोन शिफ्टमध्ये बत्तीस हजार लिटरच्या जागी दोन हजार लिटरच्या आसपास येता.

हे करताना नेहमी होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. दोन टाक्या असतात, पण दोन्हींना वेगवेगळा नळ. मग दुसऱ्या टाकीचे स्वच्छ पाणी फुकट जाते. पाणी येण्याचा आणि जाण्याचा पाइप एकाच बाजूला आणि वरच; ताजे पाणी वरच्या वर निघून जाते आणि तळ घाणच राहतो. पाणी एका टोकाला तळाशी सोडावे, दुसऱ्या टोकाला काठावरून काढावे, आणि ढवळायला ब्लोअरची हवा द्यावी. कॉम्प्रेसरची नको, तिच्यात तेल असते आणि वीजही जास्त जाते. जॉब नसताना पाणी वाहू नये म्हणून वाहकता मोजून व्हॉल्व्ह उघडणारा कंट्रोलर लावतात, पण त्याचा प्रोब आठवड्याला साफ केला नाही तर तो चुकीचे वाचू लागतो, ऑपरेटर वैतागून बायपास उघडतो आणि तो मग उघडाच राहतो. जागा नाही ही अडचण खरी असते. जॉब लहान असेल तर आहे त्याच टाकीत मधोमध भिंत घालून दोन कप्पे होतात.

धुण्याच्याही आधी निथळणे. जिग (जॉब टांगायची चौकट) टाकीतून हळू वर घ्यावी, टाकीवरच दहा सेकंद थांबवावी, कोपरा खाली येईल अशी लटकवावी, आणि दोन टाक्यांच्या मध्ये मागच्या टाकीकडे उतार असलेली पट्टी बसवावी. बॅरल (लहान जॉब भरून फिरवायचे पिंप) असेल तर टाकीवर धरून दोन-तीनदा थांबत-थांबत फिरवावे. बुजलेली भोके मोकळी ठेवावीत. निकेलची टाकी ५५-६० अंशांवर असते, तिच्यातले पाणी उडते, त्यामुळे पहिल्या स्थिर टाकीतले (धुण्याच्या, पण पाणी न वाहणाऱ्या टाकीतले) द्रावण तिच्यात परत ओतायला जागा मिळते. आम्लयुक्त जस्ताची टाकी थंड, तिथे ही सोय नाही. तिथे तीच स्थिर टाकी प्लेटिंगच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा वापरावी: जाताना जॉब तिच्यातले थोडे आत घेऊन जातो, येताना तेवढेच सोडतो, आणि बाहेर जाणारे जवळपास निम्मे होते. परत आणलेल्या द्रावणासोबत लोह आणि तेलाचे अंशही येतात, हे विसरू नये. गाळणी आणि कार्बनची फेरी नेमाने केली नाही तर प्लेटिंग काळवंडते आणि दोष बचतीच्या माथी मारला जातो.

मग ईटीपी. हिरव्या रंगाच्या सामायिक टाकीत सगळे नाले एकत्र सोडून चुना टाकणे म्हणजे प्रक्रिया नव्हे. सहासंयुजी क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप) आधी पीएच २.५ च्या आसपास मेटाबायसल्फाइटने त्रिसंयुजी करावे लागते, मगच ते साधारण ८ ते ८.५ ला खाली बसते. जस्त ९ च्या पुढे बसते आणि ११ च्या दिशेने गेलात तर पुन्हा विरघळते. निकेलला १० च्या वर जावे लागते. एका टाकीत एका पीएचला तिन्ही निघणार नाहीत. झिंक-निकेल प्लेटिंगमध्ये तर निकेल अमाइन या रसायनाने धरून ठेवलेले असते, ते नुसत्या चुन्याने बसतच नाही. त्याचा नाला पहिल्यापासून वेगळा हवा. सायनाइडची जुनी लाईन असेल तर तिचे पाणी आम्लाच्या नाल्याला मिळणे म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ. युरोपच्या नियमांमुळे गंजरोधक थरांतले सहासंयुजी क्रोमियम जुलै २००७ पासून तिथल्या मोटारींतून गेले. आपल्याकडेही मोटारीच्या कामात त्रिसंयुजी पॅसिव्हेशन (जस्तावरचा गंजरोधक थर) रुळले आहे. पण इतर कामांसाठी सहासंयुजी क्रोमियमची पिवळी टाकी त्याच शेडमध्ये शेजारी असते, आणि नाला एकच.

नियमांची एक गंमत इथे सांगितलीच पाहिजे. आपली मर्यादा लिटरमागे मिलिग्रॅमची आहे: जस्त ५, निकेल ३, सहासंयुजी क्रोमियम ०.१. जो प्लेटर पाणी दहापट कमी करतो, त्याच्या सांडपाण्यात धातू दहापट दाट होतो आणि त्याची प्रक्रिया अवघड होते. जो नळ मोकळा सोडतो, त्याचा नमुना आपोआप बरा येतो. संमतीपत्रात रोजच्या सांडपाण्याचे प्रमाण लिहिलेले असते हे खरे, पण ते अर्ज करणाऱ्यानेच मागितलेले असते. प्लेटिंग केलेल्या चौरस मीटरमागे किती ग्रॅम धातू बाहेर गेला, ही अट महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने मिलिग्रॅमच्या जोडीला ठेवली, तर नळ बंद करणाऱ्याचा फायदा होईल. सध्या तो तोट्यात आहे.

‘शून्य सांडपाणी’ हा शब्द ऐकून मन भरते, म्हणून त्याचाही हिशेब द्यावा. एक हजार लिटर पाणी एकदाच उकळून उडवायला सुमारे ६३० युनिटांइतकी उष्णता लागते. अनेक टप्प्यांच्या बाष्पकात हा आकडा बराच खाली येतो, तरी बॉयलर पेटलेलाच राहतो आणि शेवटी उरते मिश्र क्षार, जे धोकादायक कचऱ्याच्या भरावात जातात. बत्तीस हजार लिटर उकळण्याआधी ते दोन हजार करा, मग बाष्पक लावा, एवढेच म्हणणे आहे. क्रम उलटा झाला की नदीचा भार कोळशाच्या चुलीवर जातो. आणि आळंदीला इंद्रायणी फेसाळली की बोट फक्त कारखान्यांकडे जाते, तेही पूर्ण बरोबर नाही. डिग्रीझिंगच्या (तेल-ग्रीस काढण्याच्या) रसायनात फेस करणारे घटक असतात खरे, पण घरोघरच्या साबणाचे न शुद्ध केलेले पाणीही त्याच पात्रात येते.

प्लेटरला दोष देऊन मोटार कंपन्यांना सुटता येणार नाही. प्लेटिंगचा दर किलोवर ठरतो आणि खरेदी खाते तो दरवर्षी खाली ओढते. ड्रॉइंगवर मात्र आसनाखालच्या बोल्टलाही ७२० तासांची सॉल्ट स्प्रे (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात गंज तपासण्याची) चाचणी लिहिलेली असते, कारण जुन्या ड्रॉइंगवरून ती नकलली गेली. मग त्या बोल्टला झिंक-निकेल द्यावे लागते, वर सांगितलेल्या अमाइनसकट. बॉडीच्या आतल्या, कोरड्या जागेतल्या भागांच्या चाचणीचे तास नीट तपासले, तर कितीतरी भाग साध्या जस्तावर येतील. तळाकडच्या बोल्टांना जस्ताच्या पापुद्र्यांचा लेप देता येतो. तो बुडवून आणि फिरवून लावतात, त्याला धुण्याचे पाणीच लागत नाही आणि ताकदीच्या बोल्टात हायड्रोजनचा ठिसूळपणा येण्याची भीतीही राहत नाही. एम ६ पेक्षा लहान बोल्टांत तो आट्यांत साचतो आणि भाजायला ओव्हन लागतो, ही त्याची मर्यादा.

पत्र लांबले, पण पोलाद सोडून चालणार नाही. जागतिक पोलाद संघटनेच्या हिशेबाने एका मोटारीत सरासरी ९०० किलो पोलाद असते. प्रेस शॉपमध्ये आलेल्या पत्र्यापैकी ढोबळमानाने चाळीस टक्के कात्रण होते. ते विकले जाते, पुन्हा भट्टीत जाते, म्हणून त्याची खंत कोणाला नसते. पण तो पत्रा एकदा बनवण्याचा कार्बन खर्च होऊन गेलेला असतो. साइड पॅनेलच्या दाराच्या जागेतून निघणाऱ्या मोठ्या तुकड्यांतून लहान ब्रॅकेट काढता येतात. मात्र पत्र्याचा दर्जा आणि जाडी दोन्ही भागांना एकच असायला हवी. म्हणजे ब्रॅकेटचा डिझायनर आणि साइड पॅनेलचा डिझायनर डाय बनण्याआधी एकत्र बसले पाहिजेत. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली: टनामागे २.२ टनांहून कमी कार्बन डायऑक्साइड असेल तर ते हरित, १.६ च्या आत असेल तर पाच तारे. मोटार कंपन्यांनी पत्रा कोणत्या ताऱ्याचा घेतला हे जाहीर करायला अडचण काय आहे? कॉम्प्रेस्ड हवेची गळती वगैरे गोष्टी ऊर्जा-लेखापरीक्षक सांगतातच. दाब एक बारने उतरवला की साधारण सहा-सात टक्के वीज वाचते, एवढे त्यात लिहून ठेवले की पुरे.

आमची मागणी नेमकी आहे. नव्या मोटार-प्रकल्पाला स्थापनेची संमती देताना मंडळाने आणि जागा देणाऱ्या यंत्रणेने चार आकडे लेखी घ्यावेत आणि दरवर्षी छापावेत: सीईडी पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे लिटर पाणी, ग्रॅम द्रावक, युनिट ऊर्जा आणि ग्रॅम गाळ. कंपनीच्या पहिल्या आणि दुसऱ्या फळीतल्या प्लेटिंग व रंगकाम करणाऱ्या व्हेंडरांचेही हेच आकडे तिच्या नावावर धरावेत. ऑरिकमध्ये व्हेंडरांसाठी प्लॉट पाडताना प्लेटिंगवाल्यांना एका ठिकाणी जागा द्यावी आणि क्रोम, निकेल, सायनाइड यांचे नाले रस्त्याखालूनच वेगळे न्यावेत. नंतर रस्ते फोडून ते होत नाही. हे चार आकडे काढायला कोणत्याही कंपनीला नवा अभ्यास करावा लागणार नाही. पेंट शॉप उभारणाऱ्या ठेकेदाराशी होणाऱ्या करारात त्यांची हमी मागितलेलीच असते.

आपले,
वाळूज परिसरातील काही पेंट-शॉप व प्लेटिंग तंत्रज्ञ